कानुबाची थाळी

नागाबाईला कुणी ‘माउली’ म्हणलं की माझं डोकं उठतं. माउली कसली? माझी थोरली जाव हाय ती. चहात आलं जास्त झालं तर तोंड वाकडं करणारी, झाडलेली खोली पुन्हा झाडणारी, आन् एक शब्द बोलायचा तर दहादा विचार करणारी बाई. तिच्याबरोबर मी दिवस काढलेत. तवा तिचं काय झालं ते मलाच सांगू द्या. पेपरात आलं ते अर्धं खोटं हाय.

मी अयोध्या. लातूरला क्लासच्या लेकरांची खानावळ चालवते. आमचं गाव दगडवाडी, औश्याच्या पलीकडं. तिथं माळाच्या पोटात कोरलेलं जुनं देऊळ हाय. पुढं जाड जाड खांब, आत अंधार, आन् अंधारात मांडी घालून बसलेला देव. हात मांडीवर एकात एक ठेवलेले, डोळे अर्धे मिटलेले, ओठावर हसू हाय का न्हाई ते आजपर्यंत मला कळलं न्हाई. डोक्यावर बारीक बारीक गोळे. लहानपणी गोवर आल्यावर अंगावर जे उठतंय तसलं काहीतरी असावं असं आम्हाला वाटायचं. आन् कान तर काय विचारू नका, पार खांद्याला टेकलेले. म्हणून त्याचं नाव कानुबा.

एवढे मोठे कान घेऊन देव कशाला बसला असंल? ऐकायलाच की. अशी आमच्या वाडवडिलांची समज, आन् त्या समजुतीतून रीत पडली. मनात जे काय असंल ते कानुबाच्या डाव्या कानाला तोंड लावून सांगायचं. सांगितलेलं भाईर कुणाला बोलायचं न्हाई, दुसऱ्यानं विचारायचं न्हाई. फुटलं की फळ न्हाई, असं म्हणायचे. आन् आतला आवाज भाईर येऊ न्हाई म्हणून पुजाऱ्यानं उंबऱ्याच्या भाईर उभं राहून पितळेची थाळी वाजवायची, आतलं माणूस भाईर येईपर्यंत. पुजाऱ्यानं थाळी थांबवून ऐकलं तर त्याचं पुजारपण गेलं. त्यात दुसरी भानगड अशी की पुजाऱ्याला स्वतःला देवाच्या कानात काही सांगायची मुभा न्हाई. सगळ्या गावानं बोलायचं आन् ह्यांनी नुसतं बडवायचं.

पुजारपण आमच्या सासरच्या घरात. नावाला थोरले दीर भुजंग पुजारी होते, पर त्यांना दम लागायचा, म्हणून थाळी नागाबाईच्या हातात आली ती लग्नाच्या हळदीतच. बाई वाजवायची पण अशी की बैल बुजावेत. मी एकदा म्हणलं, “अगं जरा हळू, माळ फुटंल.” तर म्हणली, “हळू वाजवली तर ऐकू येतंय. ऐकू आलं की मनात राहतंय. कशाला ती तकलीफ?”

देवाचं खरं नाव आम्हाला बौद्धवाड्यातल्या भारत गुरुजींनी सांगितलं. गुरुजी शाळेत मास्तर, पांढरं धोतर, बोलणं हळू पर खोडी काढायला एक नंबर. म्हणायचे, “अयोध्या, हा कानुबा न्हाई. हे तथागत बुद्ध हायेत. हे लेणं त्यांच्या भिक्षूंनी कोरलेलं. डोक्यावर गोवर न्हाई, केसं हायेत ती.” मी म्हणलं, “मंग कान एवढे लांब कामून?” तर म्हणाले, “राजाचा पोरगा होता. सोन्याच्या जड बाळ्या घालायचा. घर सोडलं तवा बाळ्या काढून टाकल्या, पर तोवर कानाच्या पाळ्या ओघळल्या होत्या.” नागाबाई तिथंच भांडी घासत होती. तिचे हात थांबले. “सोनं टाकलं आन् भोकं ऱ्हायली म्हणा की,” एवढंच म्हणली, आन् पुन्हा घासायला लागली.

तिला एकच लेक. कस्तुरा. बापासारखी सावळी, आन् बोलणं म्हणजे बाप रे! आई जेवढी मुकी तेवढी ही बडबडी. चुलीपुढं बसली की चूल विझायची पर हिचं तोंड चालूच. “काकू, कोंबडी अंडं द्यायच्या आधी कामून ओरडत न्हाई?” असलं काहीबाही. मी तिला म्हणायचे, तुझ्या आईच्या वाट्याचं पण तूच बोलून घे. खरं सांगू, पोटच्या लेकरावर करावा तेवढा जीव होता माझा तिच्यावर.

भूकंपाचं साल तुम्हाला म्हाईतच हाय. आदल्या दिवशी गणपती बोळवायचे होते. दुसऱ्या दिवशी पुनव, आन् पुनवेच्या आदल्या रात्री पुजाऱ्यानं देवळात एकट्यानं निजायची आमच्याकडं रीत. दिराला दम, म्हणून ती पण नागाबाईच्या वाट्याला. पुढचं मला लई दिवसांनी नागाबाईकडूनच कळलं. संध्याकाळी ती देवळात चालली तर कस्तुरा मागं लागून आली. म्हणली, “आई, मला पण कानुबाला एक सांगायचंय.” नागाबाई हसली. म्हणली, “जा बाई, सांग तुझ्या देवाला. आमच्यावरची तक्रार असंल.” आन् भाईर येऊन थाळी वाजवायला लागली. लेकीची गंमत म्हणून रोजच्यापेक्षा जोरात वाजवली. आतून पोरगी भाईर आली, आईकडं बघून हसली, आन् माळ उतरून घरी गेली.

पहाटं जमीन हलली. माळाचा दगड जिथल्या तिथं राहिला, खाली गाव मात्र मातीला मिळालं. आमची सगळी दगडामातीची घरं, धाब्याची, वरून एवढाली माती. थोरले दीर गेले, कस्तुरा गेली. आमचं बिऱ्हाड तवा लातूरला होतं म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर नागाबाई ढिगाऱ्यावर बसून हातानं माती काढत होती. मिलिटरीची माणसं तिला उचलून बाजूला ठेवायची, ती पुन्हा येऊन बसायची.

मंग लोकांनी सुरू केलं. देव तारी त्याला कोण मारी. कानुबानं आपल्या पुजारणीला वाचवलं. भेटायला येईल ती बाई हेच म्हणायची, पाया पडायची. नागाबाई एक शब्द बोलायची न्हाई. एका बाईनं फारच लावून धरलं तवा मीच पिसाळले. म्हणलं, “हिला वाचवलं आन् लेकराला मारलं, असला कसला गं तुझा देव? जा, घरला जा.”

सरकारनं नवं गाव वसवलं, दूर, रस्त्याच्या कडंला. सरळ गल्ल्या, नंबरची घरं. जुनं गाव बाभळींनी गिळलं. नागाबाईला पण नवं घर मिळालं, पर ती रोज तिथून चालत माळावर जायची. मी किती म्हणलं, लातूरला चल, दोघी मिळून खानावळ चालवू. न्हाई म्हणजे न्हाई. देव रोज धुवायची, खांब पुसायची, पर देवाच्या डाव्या कानाला ओलं फडकं लावायची न्हाई. धूळ साचायची तिथं. एक दिवस मी फडकं घेऊन हात घातला तर तिनं मनगट धरलं माझं. एवढं घट्ट धरलं की वळ उठला.

“काय करूलालीस?” म्हणली. “त्यात कस्तुराचं बोलणं हाय.”

मी फडकं खाली ठेवलं.

“काय बोलली मला म्हाईत न्हाई. मी थाळी बडवत होते. पर शेवटचं ती इथं बोलली, ह्या कानात. तेवढंच उरलंय माझ्याकडं, अयोध्या. ही जागा मी सोडायची न्हाई. मेले तर इथंच.”

त्या दिवसापासून मी तिला लातूरला चल म्हणायचं बंद केलं. तिची सगळी जिंदगी त्या कानापाशी अडकली होती, आन् ते मला कळलं होतं.

पुढं देवावरून गावात मामला झाला. देवाला कुणीतरी शेंदूर फासला. बौद्धवाड्यातली पोरं चिडली, आमचा बुद्ध हाय, शेंदूर कसला लावता? इकडची पोरं म्हणली, आमचा कानुबा हाय, तुम्ही कोण विचारणार? काठ्या निघायची वेळ आली. गुरुजींनी आन् इकडच्या जाणत्यांनी बसून तोड काढली. शेंदूर लावायचा न्हाई. बुद्धपौर्णिमेला ते वंदना घेतील, पुनवेला हे दिवा लावतील. बोलायचं असंल त्यानं कानात बोलावं, कुणाला बंदी न्हाई. दोन्हीकडची मिळून एक कमिटी. आन् पुजारी कोण? दोन्हीकडून एकच नाव आलं, नागाबाई. कामून? तर तिनं कुणाचं ऐकलेलं न्हाई, आन् कुणाला सांगितलेलं न्हाई. दोन्हीकडचा भरवसा त्या एका गोष्टीवर. म्हणून जुनी रीत कमिटीनं नवी करून घेतली, पुजाऱ्यानं ऐकलं तर पुजारपण गेलं. गुरुजींची पण त्यावर सही.

अशी वर्षं गेली आन् लातूरला क्लासचं पीक आलं. सगळ्या मराठवाड्यातून लेकरं यायला लागली, नांदेड म्हणू नका, परभणी म्हणू नका, भोकर, कंधार, मुखेड. गल्लीगल्लीत होस्टेल, खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. माझी खानावळ त्याच्यावरच चालली, मी कशाला नावं ठेवू? डॉक्टर व्हायला आलेली लेकरं. काहींना घरच्या भाकरीची आठवण आली की पिठलं मागायची आन् पिठलं बघून रडायची.

त्यातल्याच एका पोरानं कानुबाच्या कानात काहीतरी सांगितलं आन् त्याचा नंबर लागला. झालं! एवढ्यावर गाडी सुटली. रविवारी जीपा भरभरून पोरं माळावर. हॉल तिकीट हातात, देवाच्या कानाला तोंड लावायला रांग. कुणी मार्क सांगायचं, कुणी कॉलेजचं नाव. काही जण तर इंग्रजीत बोलायचे. नागाबाईनं गुरुजींना विचारलं, “गुरुजी, देवाला इंग्रजी येतं का हो?” गुरुजी म्हणाले, “बाई, त्याला मराठी तरी कुठं येत होती? तो पाली बोलायचा. तरी तुमच्या गावानं एवढी वर्षं त्याचे कान खाल्लेच ना?” त्यावर नागाबाई हसली. भूकंपानंतर मी तिला एवढं हसताना तवाच बघितलं.

एका मोठ्या क्लासचे मालक होते, राघवेंद्र सर. माणूस वाईट न्हवता, पर प्रत्येक गोष्टीचा बोर्ड करायची खोड. त्यांनी माळाला पायऱ्या बांधून दिल्या आन् खाली क्लासच्या नावाची कमान उभी केली. गुरुजी चिडले. म्हणाले, बुद्धाच्या लेण्याला क्लासची जाहिरात! पर पायऱ्यांमुळं त्यांच्याच गुडघ्यांना आराम झाला, मंग गप बसले.

आता रुद्राणीचं सांगते. कंधारची पोरगी. आई-बाप दोघं मास्तर, घर सुशिक्षित. गेल्या साली नंबर थोडक्यात हुकला, म्हणून दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. माझ्याकडं डबा होता तिचा. पोरगी नीटनेटकी, बोलणं गोड. पर दिवाळीनंतर तिच्या डब्यातली पोळी जशीच्या तशी परत यायला लागली. मी होस्टेलवर जाऊन फैलावर घेतलं. म्हणलं, “माझ्या हाताला चव न्हाई का? का अंग कागदावानी पातळ करायचंय?” तर हसली. “नाही हो मावशी, भूकच नसते.” मी म्हणलं, रविवारी माझ्याबरोबर चल, माळावर जाऊन येऊ, हवा लागली की भूक लागंल. तिनं लगेच हो म्हणलं. मला वाटलं देवाला मार्क मागायला निघाली.

त्या रविवारी ऊन बरं होतं. रांग संपून गेली होती. मी भाईर लिंबाच्या झाडाखाली बसले, रुद्राणी पायऱ्या चढून देवळात गेली. थाळी सुरू झाली. आन् थोड्या वेळानं बंद पडली.

मला आधी कळलंच न्हाई काय झालं. गाडीचा आवाज बंद पडल्यावर गाडीतली माणसं जागी होतात, तसं झालं. वर बघितलं तर नागाबाईच्या हातात थाळी तशीच होती, काठी तशीच होती, आन् ती दगडाच्या चौकटीला कान लावून उभी होती. मी झाडाखालनं उठले. म्हणलं, बया गं, ही काय करूलाली? कुणी बघितलं तर?

रुद्राणी भाईर आली. नागाबाईनं थाळी खाली ठेवली आन् पोरीचा हात धरला. मला हाक मारली, “अयोध्या, ही आज तुझ्याबरोबर येत न्हाई. हिच्या आईला फोन लाव. म्हणावं आत्ता निघा.” मी काय-कसं विचारायला लागले तर माझ्यावर डोळे वटारले. मी फोन लावला.

पोरगी आधी हात सोडवायला बघत होती. मंग तिनं सोडवायचं बंद केलं आन् नागाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी हुंदके देऊन रडली की माझ्याच्यानं बघवंना. तवा मला समजलं. पोरगी मागायला आली न्हवती. निरोप घ्यायला आली होती.

नंतर मी नागाबाईला विचारलं, थांबवलीस कामून? तुला कसं कळलं? म्हणली, “मागायला आलेलं माणूस घाईत असतंय. चपला अशातशा काढतंय, कधी एकदा सांगतो असं होतंय त्याला. ही पोरगी घाईत न्हवती. चपला काढून शेजारी शेजारी लावल्या, माझ्या पाया पडली, माळावरनं सगळीकडं एकदा बघून घेतलं. माझा हात उचलंचना गं.”

रुद्राणीची आई, चंद्रप्रभाताई, दिवस मावळायच्या आत कंधारहून आली. माय-लेकी नागाबाईच्या घरात दार लावून बसल्या. भाईर आल्या तवा ताईंचे डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, “रोज फोन करत होते हो मी तिला. रोज विचारायचे, आज किती पोर्शन झाला? एवढंच विचारायचे.” दुसऱ्या दिवशी पोरीला घरी घेऊन गेल्या. नांदेडला चांगल्या डॉक्टरला दाखवलं. पोरगी आता बरी हाय. परीक्षा सोडली, फोनवर माझ्याशी गप्पा मारती, खाती-पिती.

नागाबाईनं कुणाला काही सांगितलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. पर पोरीला वाचवलं हे लपतंय व्हय? होस्टेलवर कळलं, क्लासवर कळलं. आन् लोकांनी विचार केला, पुजारीण तर कधी ऐकत न्हाई, मंग तिला कळलं कसं? तर देवानं सांगितलं! कानुबा बोलला! बघता बघता सगळ्या जिल्ह्यात झालं. आईबाप यायला लागले, नागाबाईच्या पाया पडायला लागले, आमच्या पोराच्या मनात काय हाय तेवढं देवाला विचारून सांगा म्हणायला लागले. राघवेंद्र सरांनी माळाखाली मोठा मांडव घातला. सत्कार! पालकांना आमंत्रणं गेली. ‘कानुबा बोलतो’ असा बोर्ड पण रंगवून आणला.

सत्काराच्या सकाळी मी तिला लुगडं नेसवत होते. ती म्हणली, “मी खरं सांगणार हाय.”

मी म्हणलं, “डोकं ठिकाणावर हाय का? खरं सांगितलंस तर कमिटी तुला काढंल. जागा जाईल. कस्तुराचा कान जाईल. आगं, लोकच म्हणतात ना देव बोलला? तू कुठं खोटं बोललीस? गप बसायची तर जन्माची सवय हाय तुला, आज पण बस की!”

“आन् उद्या दुसरी पोरगी आली तर?” ती म्हणली. “तिचे आईबाप घरी निवांत बसतील. देव सांगंल म्हणून.”

मी पदर नीट केला आन् तिला घेऊन गेले.

मांडव गच्च भरलेला. पुढं कमिटी, त्यात भारत गुरुजी, मागं आईबाप आन् लेकरं. राघवेंद्र सरांनी शाल घातली, माईक तिच्या हातात दिला. म्हणाले, “आता नागाबाई स्वतः सांगतील, कानुबा त्यांना काय म्हणाले.”

माईक हातात धरायचा कसा तेच तिला कळंना. तोंडाला लावला तर कर्रर्र आवाज आला. मंग म्हणली, “देव बोलला न्हाई.”

सरांना वाटलं चुकली. ते हळूच म्हणाले, “मावशी, कानुबा—”

“देव बोलत न्हाई. मी थाळी थांबवली. मी ऐकलं.”

मांडवात गलका झाला. इकडची माणसं उभी राहिली, तिकडची उभी राहिली. आमचं पण ऐकलं असंल, एवढी वर्षं आमचं ऐकत होती, असं कुणीतरी ओरडलं. मी तिथंच त्याची खरडपट्टी काढणार होते, पर नागाबाई बोलायची थांबली न्हवती. जन्मात एवढं बोलली नसंल.

“दुसऱ्या कुणाचं ऐकलं न्हाई. माझ्या लेकीचं पण ऐकलं न्हाई. भूकंपाच्या आदल्या दिवशी माझी कस्तुरा वर येऊन बोलून गेली आन् मी भाईर थाळी बडवत होते. काय बोलली, आजपर्यंत मला म्हाईत न्हाई. तुम्ही लेकरं इथं पाठवूलालात, देव बघून घेईल म्हणून. तो दगडाचा हाय. चांगला हाय, पर दगडाचा हाय. लेकरू कुणाला तरी सांगायला इथवर येतंय म्हणजे घरात कुणी ऐकूलालं न्हाई. तेवढं बघा. कमिटीची रीत मला म्हाईत हाय. मी जाते.”

माईक तिनं खुर्चीवर ठेवला. गुरुजी उठले. म्हणाले, “सही माझी हाय, रीत मोडली म्हणून बाईंना पुजारपण सोडावं लागंल. पर आज ह्या लेण्यापाशी आमच्या बुद्धाला शोभंल असं एकच माणूस बोललं, ते बाई बोलल्या.” मला त्यांचा पण राग आला. एवढं कळतंय तर सही फाडा की! पर दोन्हीकडचा भरवसा म्हणजे काय असतंय ते गुरुजींनाच म्हाईत. नागाबाईनं त्यांना हात जोडले. तिच्या मनात त्यांच्याबद्दल काहीच न्हवतं.

मांडव पांगायला लागला. तेवढ्यात एक बाई लंगडत लंगडत पुढं आली. मी ओळखलं न्हाई, नागाबाईनं ओळखलं. शरणम्मा. जुन्या गावात आमच्या शेजारच्या घरची पोर, कस्तुराच्या बरोबरीची. भूकंपात पाय अधू झाला होता, पुढं निलंग्याकडं दिली. तिचा पोरगा आता सरांच्या क्लासला, त्याच्याबरोबर आली होती. येऊन नागाबाईसमोर उभी राहिली.

“काकू,” म्हणली, “मला म्हाईत हाय.”

“काय म्हाईत हाय?”

“कस्तुरा काय बोलली ते. वरून खाली आली तवा वाटंत मला सांगितलं तिनं. तिच्या पोटात कुठं काय राहायचं? आन् सकाळी ती गेली. मला वाटलं, मला सांगितलं म्हणूनच गेली. फुटलं की फळ न्हाई म्हणायचे ना सगळे. मी ऐकलं म्हणून ती गेली, काकू. एवढी वर्षं तुमच्यासमोर यायला भेत होते मी.”

नागाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातात धरलं. “तुझ्यामुळं न्हाई गेली बाय. तू पण लेकरूच होतीस.” असं कितीदा म्हणली. मंग विचारलं. जन्मभर जे विचारायचं न्हाई म्हणून पाळलं, ते विचारलं. “काय बोलली गं माझी पोर?”

शरणम्मा म्हणली, “म्हणली, कानुबा, आज मला आईसंगं देवळात निजू दे. आई नेत न्हाई. तू सांग तिला.”

कस्तुरा देवळात निजली असती तर आज तिची लेकरं क्लासला असती. नागाबाईला हे माझ्याआधी कळलं असणार. पर तिनं शरणम्माच्या लेकराला जवळ घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आन् मला म्हणली, चल.

तिचं बोचकं ते केवढंसं. लातूरच्या जीपमध्ये आम्ही मागं बसलो. समोर बाजाराला निघालेल्या बाया. औसा आलं, औसा गेलं. मंग नागाबाई एकदम माझ्याकडं वळली.

“अयोध्या, ती देवाला सांगत न्हवती गं. ‘आई नेत न्हाई, तू सांग तिला’. म्हणजे मलाच निरोप होता. मी उंबऱ्यावर तर होते.”

आन् नागाबाई रडली. ढिगाऱ्यावर रडली न्हवती, तेराव्याला रडली न्हवती, नव्या घराची किल्ली दिली तवा रडली न्हवती. त्या जीपमध्ये ऊर बडवून, लेकीचं नाव घेऊन रडली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. समोरच्या बाया घाबरल्या, एकीनं पाण्याची बाटली पुढं केली, विचारलं, काय झालं हो ह्यांना?

मी म्हणलं, “लेक वारली हिची.”

“अगं आई! कधी?”

मी म्हणलं, “आज.”